भावनांचा अभ्यास सुरू करताय? मग आधी वही घ्या

मेंदूच्या भागांची नावं पाठ करत बसू नका. अमिग्डाला म्हणजे 'भीतीचं केंद्र' असं जागोजागी वाचाल. ते अर्धवट आहे, पण तूर्तास राहू द्या.

निर्णय घेण्याआधी वहीत दोन ओळी लिहा: मला काय वाटतंय आणि अंगात काय चाललंय. झोप झालीय का, भूक लागलीय का, हेसुद्धा. नंतर लिहिलंत तर फारसा उपयोग नाही. मन मागाहून झकास कारणं जुळवतं आणि आपल्याला ती खरीच वाटतात.

नवीन मंडळी हमखास अडखळतात ती इथे:

- भावनेला विचारांची शत्रू मानणं. मेंदूतज्ज्ञ अंतोनियो दमासिओ यांच्या एका रुग्णाच्या मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली होती. बुद्धी शाबूत, भावना बोथट. पुढची भेट दोनपैकी कोणत्या दिवशी घ्यायची, यावर तो जवळजवळ अर्धा तास खल करत राहिला!
- भावनेचं कारण भलतीकडेच शोधणं. डटन आणि ॲरन या मानसशास्त्रज्ञांच्या १९७४च्या प्रयोगात एक संशोधक तरुणी पुरुषांना पुलावर भेटली; तिला नंतर फोन करणाऱ्यांचं प्रमाण पक्क्या पुलावर भेटलेल्यांपेक्षा उंच झुलत्या पुलावर भेटलेल्यांत जास्त होतं. धडधड पुलामुळे, श्रेय तिला. (या प्रयोगावर आक्षेपही आहेत; ते पुढे कधीतरी.)

आणि हो, शिकलेलं लगेच घरच्यांवर वापरू नका. "तू आत्ता भावनेच्या भरात बोलतेयस" हे ऐकून कुणी शांत झालेलं मी तरी पाहिलं नाही.