रीजन्सी रोमान्समध्ये लोकांना एवढं काय आवडतं?

रीजन्सी रोमान्स म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्लंडमधल्या वरच्या वर्गात घडणाऱ्या प्रेमकथा. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शेवट पहिल्या प्रकरणातच कळतो, गोष्ट चुंबनाच्या पुढे जात नाही, निम्मं पुस्तक नाच आणि भेटीगाठींत जातं, तरी लोक या कादंबऱ्या एकामागून एक का वाचतात? मीही त्या वाचणाऱ्यांतलीच, म्हणून लिहिते.

मला यांची ओढ आहे ती बोलण्यासाठी. या जगात नायक-नायिकेला एकांत मिळत नाही. अविवाहित मुलगी परक्या पुरुषाबरोबर बंद दाराआड दिसली तर तिची अब्रू गेलीच. मनात येईल ते बोलायची सोय नाही, पत्र पाठवायचं तर आधी साखरपुडा व्हायला हवा. मग उरतं काय? नाचाचा तेवढा वेळ, बागेतला फेरफटका, जेवणाच्या टेबलावरचा शेजार. शंभर डोळ्यांदेखत, अगदी सभ्य शब्दांत, एकमेकांना चाचपून पाहायचं. चांगली लेखिका असेल तर हवापाण्याच्या गप्पांमधूनही दोघांतलं अंतर कमी होताना आपल्याला ऐकू येतं. सगळं करायची मुभा असलेल्या प्रेमकथेत हा ताण मला क्वचितच सापडतो.

आधी काळाबद्दल थोडं. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज आजारपणामुळे कारभार पाहू शकेना, म्हणून १८११ मध्ये युवराजाला रीजंट, म्हणजे राजाच्या वतीने कारभार पाहणारा, नेमलं. १८२० मध्ये बाप वारला आणि तो राजा झाला. एवढाच हा रीजन्सीचा काळ. जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्या याच वर्षांत छापून आल्या, पण ती स्वतःच्या आजूबाजूचंच लिहीत होती. त्या काळाकडे मागे वळून बघत, कपडे-गाड्या-बोली यांचा बारीक अभ्यास करून लिहायचा प्रकार रुळवला तो इंग्रज लेखिका जॉर्जेट हेयरने. त्या काळावरची तिची पहिली कादंबरी १९३५ ची आणि १९७४ मध्ये ती वारली. पुढे अमेरिकेतल्या प्रकाशकांनी याच वळणाच्या सुटसुटीत कादंबऱ्यांच्या मालिका वर्षानुवर्षं चालवल्या. ‘ट्रॅडिशनल रीजन्सी’ म्हणतात ते याला. शृंगाराची उघड वर्णनं असलेल्या ऐतिहासिक प्रेमकथा म्हणजे वेगळं घराणं, त्यांची सरमिसळ केलीत तर निराश व्हाल.

लग्न हा इथे केवळ गोड शेवट नसतो, हेही लक्षात घ्या. त्या वेळच्या इंग्लंडच्या कायद्यात लग्न झालं की बायकोच्या हातातला पैसा नवऱ्याचा होई. आधीच करारमदार करून काही तिच्या नावे बांधून ठेवलं असेल तेवढंच तिचं. हे पुरतं बदलायला १८८२ उजाडलं. घटस्फोट जवळजवळ अशक्य. १७५३ च्या कायद्याने एकवीस वर्षांखालच्यांना पालकांच्या संमतीशिवाय परवाना काढून लग्न करता येईना. तो कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता, म्हणून पळून जाणारी जोडपी सीमेपलीकडच्या ग्रेटना ग्रीनला जात. बहुतेक इस्टेटी थोरल्या मुलाकडे जात, त्यामुळे धाकट्या भावंडांची आणि बहिणींची भिस्त कुणीतरी चांगलं स्थळ गाठण्यावर. अशा वेळी मुलगी ‘हो’ म्हणते तेव्हा ती आपलं उरलेलं सगळं आयुष्य एका माणसाच्या स्वभावावर टाकत असते. म्हणून तो माणूस नोकरांशी कसा बोलतो, हरल्यावर कसा वागतो, कंटाळवाण्या म्हाताऱ्या आत्याबरोबर संध्याकाळ कशी काढतो, हे सगळं महत्त्वाचं ठरतं. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात अर्ध्या तासात माणूस ओळखायचा असतो, ते दडपण ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगते. हेयरची ‘अ सिव्हिल काँट्रॅक्ट’ (१९६१). ॲडम स्पेनच्या युद्धातून पायाची जखम घेऊन परततो, तर वडील वारलेले आणि घर कर्जात बुडालेलं. त्याचं प्रेम सुंदर ज्युलियावर. घर वाचवायचं तर श्रीमंत व्यापाऱ्याच्या मुलीशी, जेनीशी, लग्न करणं भाग. जेनी दिसायला साधी, अबोल, आणि ज्युलियाची शाळेतली मैत्रीण. नवऱ्याच्या मनात कोण आहे हे तिला पक्कं माहीत असतं. ती त्यावर एकदाही भांडत नाही. घर नीट चालतंय ना, त्याला काय आवडतं, कशाने त्रास होतो, हे ती न बोलता बघत राहते. तिचे वडील जावयावर भेटवस्तूंचा असा वर्षाव करतात की त्या माणसाला गुदमरायला होतं, आणि दोघांच्या मध्ये उभी राहून तीच सगळं सांभाळते. नेपोलियनविरुद्धच्या वॉटर्लूच्या लढाईच्या वेळी इंग्रज हरले अशी आवई उठते, लंडनमध्ये लोक घाबरून रोखे विकत सुटतात, आणि ॲडम आपल्या सेनापतीवरच्या विश्वासाने ते विकत घेतो. त्यातून तो सासऱ्याच्या पैशाच्या ओझ्याखालून मोकळा होतो. आता त्याला जेनीची गरज उरलेली नसते, आणि तेव्हाच त्याला कळतं की तिच्याशिवाय आपलं घर घर राहणार नाही. पुष्कळ वाचकांना हा शेवट फिका वाटतो. मला तो हेयरच्या सगळ्या पुस्तकांतला सगळ्यात खरा वाटतो.

तो सेनापती म्हणजे वेलिंग्टन. जालन्याजवळ असईला १८०३ मध्ये शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला तोच आर्थर वेलस्ली. पेशवाई बुडाली तीही १८१८ मध्ये, म्हणजे हे नाच रंगत होते त्याच वर्षांत. हिंदुस्थानातून गडगंज होऊन परतलेला कुणी काका या कादंबऱ्यांत अधूनमधून येतो, पण तो पैसा कुठून आला हे सहसा कुणी विचारत नाही. मला ते खटकतं. तसंच हेयरच्या ‘द ग्रँड सोफी’त ज्यू सावकाराचं चित्रण द्वेषाने केलेलं आहे, ते प्रकरण वाचताना आजही वाईट वाटतं. एरवी इतकी खुसखुशीत कादंबरी, म्हणून जास्तच.

शेवट आधी कळतो, हे खरंच आहे. पण कोण कुणाशी लग्न करणार एवढंच तर कळतं. आपल्याला बघायचं असतं ते या दोघांना एकमेकांची किंमत कशी कळते ते.

सुरुवात हेयरच्याच ‘कोटिलियन’पासून करा. त्यात किटीच्या विक्षिप्त, म्हाताऱ्या पालकांची अट असते की तिने त्यांच्या भावंडांच्या नातवांपैकी कुणाशी तरी लग्न केलं तरच तिला संपत्ती मिळेल. देखण्या जॅकला डिवचायला आणि लंडन बघायला ती साध्यासुध्या फ्रेडीशी खोटा साखरपुडा करते. फ्रेडी शूरवीर नाही, तल्लख म्हणून त्याची ख्याती नाही, पण कुठल्या प्रसंगी काय करायचं हे त्याला बरोबर कळतं. पहिली पन्नास पानं नातीगोती लावण्यात जातील, तेवढी नेटाने काढा. ‘अ सिव्हिल काँट्रॅक्ट’ मात्र चार-पाच वाचून झाल्यावरच हातात घ्या.