मोत्यावरचा ठिपका वाचता आला पाहिजे

प्रश्न : मी पुण्यात फोटोग्राफीच्या पदवी अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मूळची संगमनेरची. कॅमेरा, एक्स्पोजर, स्टुडिओ लाइटिंग मला जमतं, प्रॅक्टिकलला मार्कही चांगले पडतात. पण आम्हाला दर आठवड्याला एखाद्या नामवंत फोटोग्राफरचा फोटो घेऊन त्याचं विश्लेषण लिहावं लागतं. तिथे ‘कंपोझिशन छान, भावना पोचते’ याच्यापुढे माझी गाडी सरकत नाही. वर्गातली काही मुलं लग्नसराईत सेकंड शूटर (मुख्य फोटोग्राफरच्या हाताखालचा दुसरा फोटोग्राफर) म्हणून कमवायला लागली आहेत. बाबा विचारतात, दुसऱ्यांचे फोटो बघायला एवढी फी कशाला भरायची? मलाही भीती वाटते, की सारखे दुसऱ्यांचेच फोटो बघून माझी स्वतःची नजर तयार होणार नाही. कोर्स सोडून सरळ कामाला लागू का?

उत्तर : कोर्स सोडू नकोस. ज्या तासाला तुझं मन लागत नाही, त्याच तासाच्या जोरावर तुला पुढे काम मिळणार आहे.

या व्यवसायात काम कसं येतं ते बघ. लक्ष्मी रोडवरचा एखादा सराफ तुला कॅटलॉगसाठी बोलावतो. तो रिम लाइट, फिल लाइट असले प्रकाशयोजनेचे शब्द बोलत नाही. मोबाइल पुढे करतो, त्यावर काळ्या पार्श्वभूमीवरच्या नथीचा फोटो असतो, आणि म्हणतो, ‘असा पाहिजे.’ तो फोटो कसा काढला हे सांगायला तिथे कुणी नसतं. ते तुला फोटोतूनच ओळखायचं असतं आणि बसल्या जागी दरही सांगायचा असतो. काम दोन दिव्यांचं आहे की चार, अर्ध्या दिवसात उरकेल की दोन दिवस खाईल, मदतनीस लागेल का. जिला फोटो वाचता येत नाही ती अंदाजपंचे आकडा सांगून मोकळी होते आणि शूटच्या दिवशी रडकुंडीला येते.

ती नथच घेऊ. फोटो मोठा कर आणि एकाच मोत्यावर थांब. मोत्याच्या गोलाईवर समोरचा सगळा उजेड उमटलेला असतो, तोच तो पांढरा ठिपका. ठिपका चौकोनी असेल तर समोर सॉफ्टबॉक्स (दिव्यापुढे पांढरं कापड ताणलेली पेटी) आहे किंवा खिडकी. गोल असेल तर दिव्याला लावलेली छत्री किंवा ब्यूटी डिश, म्हणजे दिव्याभोवतीची ताटलीसारखी गोल तबकडी. अगदी बारीक आणि लखलखीत असेल तर उघडा दिवा, नाहीतर पुष्कळ लांब ठेवलेला. ठिपके मोजले की दिवे मोजले गेले. फक्त एखादा फिकट, पसरट ठिपका उजेड परतवायला ठेवलेल्या थर्मोकोलच्या शीटचाही असतो, तो दिव्यांत धरू नकोस. ठिपका वर डावीकडे, म्हणजे दिवाही वर डावीकडे. मोत्याच्या खालच्या अंगाला गडद रेघ दिसली तर समजावं, की तिथे कुणीतरी मुद्दाम काळा कागद धरला आहे. तो नसता तर मोती पांढऱ्या टिकलीसारखा सपाट दिसला असता. एका मोत्यात एवढं सगळं असताना ‘प्रकाशयोजना सुंदर’ असं लिहून पान उलटणं परवडत नाही.

तुझं नेमकं इथेच अडलं आहे. तू फोटोविषयीचं तुझं मत लिहितेस. शिक्षकांना हवे आहेत फोटोग्राफरने घेतलेले निर्णय. पुढचा महिनाभर विशेषणं पूर्ण बंद कर. छान, सुंदर, प्रभावी, बोलका, काहीही नाही. सावलीची कड धारदार आहे की विरलेली, एवढ्यावरून सुरुवात कर. धारदार असेल तर प्रकाशाचा स्रोत लहान, विरलेली असेल तर मोठा. मग चेहऱ्याच्या बुबुळातली चमक बघ, तिथेही मोत्याचाच नियम लागतो. सपाट मैदानावरच्या फोटोत क्षितिजाची रेषा उभ्या माणसांना कुठे कापते ते बघ; कमरेशी कापत असेल तर कॅमेरा कमरेच्या उंचीवर होता. नाक मोठं आणि कान लहान दिसत असतील तर फोटोग्राफर अगदी जवळ उभा होता. इथे सगळे विद्यार्थी ‘वाइड लेन्समुळे’ असं लिहितात आणि चुकतात. पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे जवळच्या आणि लांबच्या गोष्टींच्या आकाराचं प्रमाण, अंतरामुळे बदलतो, लेन्स फक्त किती भाग घ्यायचा ते ठरवते. सगळ्यात शेवटी फोटोच्या चारी कडांवरून डोळा फिरव आणि काय बाहेर ठेवलं असेल याचा विचार कर.

वाचलेलं हाताने करून पाहिल्याशिवाय पक्कं होत नाही, आणि त्यासाठी स्टुडिओ लागत नाही. मंडईतून एक चकचकीत जांभळं वांगं आण आणि खोलीतल्या खिडकीशी ठेव. त्यावर अख्खी खिडकी गजांसकट उमटलेली दिसेल. आता खिडकीवर ट्रेसिंग पेपर चिकटव. गज नाहीसे होतील आणि उरेल तो मऊ कडांचा चौकोन. सॉफ्टबॉक्स करतो ते एवढंच. समोरून पांढरा पुठ्ठा धर, मग काळा, आणि दर वेळी फोटो घे. हे चार फोटो वहीत चिकटवून शेजारी दोन-दोन ओळी लिहिल्यास, तर तुझ्या आजवरच्या निबंधांपेक्षा तुझ्या शिक्षकांना ते पान जास्त आवडेल, याची मला खात्री आहे.

निर्णय कसे घेतले जातात हे उघड दिसणारं एक उदाहरण सांगते. अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँग यांनी १९३६च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे एका स्थलांतरित मजूर आईचे फोटो काढले. त्यातला एक जगप्रसिद्ध झाला, पण त्याच जागी काढलेल्या इतर फ्रेमही अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. त्या शेजारी शेजारी ठेव. लांबच्या फ्रेममध्ये तंबू दिसतो, आजूबाजूची जागा दिसते, सामान दिसतं. जवळ येता येता एकेक गोष्ट गळत जाते. प्रसिद्ध फोटोत दोन मुलांनी तोंडं पाठमोरी फिरवली आहेत, त्यामुळे बघणाऱ्याची नजर आईच्या चेहऱ्यावरून हलत नाही. त्याच फोटोत खाली उजव्या कोपऱ्यात तंबूच्या खांबाला धरलेला अंगठा होता, तो पुढे निगेटिव्हवरून पुसण्यात आला. आज वृत्तछायाचित्रात असं चालणार नाही. ते बरोबर होतं का, यावर तुझं मत जरूर लिही. इथे मताला जागा आहे. आणखी एक : त्या बाईंचं नाव लँग यांनी विचारलं नव्हतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव जगाला १९७८ साली कळलं. ज्येष्ठात आषाढी वारीची पालखी पुण्यात येते, दिवे घाटात फोटोग्राफरांची झुंबड उडते, तेव्हा वारकऱ्यांच्या तोंडासमोर लेन्स नेण्याआधी हे आठवावं असं मला फार वाटतं.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर भोपाळचं घे. १९८४च्या वायुदुर्घटनेनंतर पुरल्या जाणाऱ्या एका अनोळखी बाळाचा फोटो रघू राय यांनी कृष्णधवल काढला, पाब्लो बार्थोलोम्यू यांनी रंगीत. बघवत नाहीत असे फोटो आहेत, तरी शेजारी ठेवून बघ. रंग काढल्यावर काय ठळक होतं आणि काय हरवतं, हे पाठ्यपुस्तकातल्या दहा पानांपेक्षा तिथे स्पष्ट कळतं.

आता तुझी नजर. ती दुसऱ्यांचे फोटो बघून मरत नाही. थोर फ्रेंच फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँ आधी चित्रकार आंद्रे लोत यांच्याकडे चित्रकला शिकले, आणि फोटोग्राफीकडे वळायला कारण झाला तो मार्टिन मुंकाची यांनी टांगानिका सरोवराच्या लाटांत धावत शिरणाऱ्या तीन मुलांचा काढलेला फोटो. त्या एका फोटोचं ऋण त्यांनी जाहीरपणे मानलं. नजर बिघडते ती न वाचता नुसतं स्क्रोल करत राहिल्याने. तू सरावासाठी खुशाल नक्कल कर. फक्त ते फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेव आणि पोर्टफोलिओत स्वतःचं काम म्हणून घालू नकोस.

लग्नाच्या कामाला माझी ना नाही. सुटीच्या दिवशी मुहूर्त असेल तर जा, पैसे मिळव, गर्दीत वेगाने काम करायला शीक. पण ते फोटो स्वतःसाठी वापरण्याची, एका ओळीची का होईना, लेखी परवानगी आधी घे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, काम सांगणाऱ्याकडे जाते. तेव्हा पोर्टफोलिओत काय वापरता येईल ते आधीच ठरलेलं बरं. आणि पुण्यात लग्नाखेरीजही काम आहे : चाकण आणि पिंपरी-चिंचवडमधले कारखाने, इंटिरिअर, वस्तूंचे ऑनलाइन कॅटलॉग, जुन्या पोथ्या आणि संग्रहालयातल्या वस्तूंचं दस्तऐवजीकरण. या सगळीकडे चमकणाऱ्या, काळ्या किंवा सपाट पृष्ठभागांशी गाठ असते. वांग्यावरचा सराव तिथे कामी येतो.

बाबांशी वाद घालू नकोस. त्यांचा प्रश्न फी भरणाऱ्या माणसाचा आहे आणि तो रास्त आहे. पुढच्या वेळी घरी जाशील तेव्हा दागिन्यांच्या दोन जाहिराती त्यांच्यासमोर ठेव आणि कुठली किती दिव्यांत काढली ते मोती दाखवून सांग. विद्येचा उपयोग असा डोळ्यांनी दिसला की पालकांचा धीर वाढतो, हे मी पुष्कळ घरांत पाहिलं आहे.

आणि एक काम याच वर्षी कर. ज्याचं काम तुला आवडतं असा पुण्यातला एखादा प्रॉडक्ट फोटोग्राफर निवड. त्याच्याच एका फोटोचं एक पानी विश्लेषण लिही : दिवे कुठे असावेत, कॅमेरा किती उंचीवर, काळा कागद कुठे धरला असेल. खाली विचार, ‘माझं कुठे चुकलं?’ आणि सहायक म्हणून काही दिवस येऊ का, तेही विचार. नुसता पोर्टफोलिओ पाठवणारे त्याच्याकडे बरेच येतात, त्याचं काम इतकं बारकाईने वाचून येणारं क्वचितच कुणी. हे पत्र गणपतीच्या आधी जाऊ दे, कारण दसरा-दिवाळीच्या जाहिरातींची शूट तेव्हा सुरू होतात आणि स्टुडिओत माणसं कमी पडतात.