जुना संगणक, नवी प्रतिकृती आणि परवान्यांचा पेच

प्रश्न : आम्ही तिघे मित्र १९८२ सालच्या झेडएक्स स्पेक्ट्रम या संगणकाची प्रतिकृती एफपीजीए चिपवर (जिची अंतर्गत मांडणी हवी तशी ठरवता येते) उभी करीत आहोत. प्रोसेसरचा कोड जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखालील आहे, तर पडद्यावर चित्र उमटवणारा कोड ज्या हौशी तंत्रज्ञाकडून घेतला, त्याने ‘व्यापारी वापरास मनाई’ अशी अट घातली आहे. या प्रतिकृतीचे किट विकता येणार नाही, असे एका जाणकाराने सांगितल्यापासून काम अडले आहे. काय करावे? – एक वाचक, परभणी

उत्तर : जाणकाराचे म्हणणे खरे आहे. जीपीएलनुसार, त्या कोडवर आधारलेली कृती ज्याच्या हाती पडेल त्याला ती बदलण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचाही हक्क मिळाला पाहिजे व देणाऱ्याने त्यावर जादा बंधन घालता कामा नये. दुसरा परवाना नेमके तेच बंधन घालतो. म्हणून दोन्ही भाग एकत्र गुंफलेली प्रतिकृती फुकट वाटली तरी जीपीएलचा भंग होतो. घरच्या घरी मात्र ती खुशाल चालवा, कारण जीपीएलच्या या अटी वाटप करतानाच लागू होतात. ‘व्यापारी वापरास मनाई’ ही अट क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेच्या काही परवान्यांत असते; पण आपले परवाने सॉफ्टवेअरला वापरू नयेत, असे ती संस्था स्वतःच सांगते. तरी हौशी मंडळी भाबडेपणाने ते लावतात आणि पुढच्याची वाट अडवतात.

चित्राच्या कोडच्या लेखकाकडे जीपीएलखाली वापरण्याची लेखी परवानगी मागा. त्या कोडात अनेकांची भर असेल, तर सामाईक सातबाऱ्यासारखी प्रत्येकाची संमती लागेल. पुण्या-मुंबईला गेलेला एखादा खातेदार उत्तरच देत नसेल, तर त्याचे मौन म्हणजे होकार नव्हे. अशा वेळी तो भाग नव्याने लिहावा, आणि तोही तुमच्यापैकी ज्याने जुना कोड वाचलेला नाही त्याने. २५६ × १९२ ठिपक्यांचे चित्र ६१४४ बाइटांत आणि त्याचे रंग ७६८ बाइटांत कसे मांडले जातात, याची माहिती सर्वत्र उपलब्ध असल्याने हे काम आवाक्यातले आहे.

आपण विचारलेले नाही, पण १६ केबीच्या रॉमचा, म्हणजे संगणकात कायम साठवलेल्या मूळ प्रणालीचा, प्रश्न उरतोच. १९८६ साली स्पेक्ट्रमच्या निर्मात्या सिंक्लेअरचा संगणक-व्यवसाय विकत घेतलेल्या ॲमस्ट्रॅड कंपनीने १९९९ साली एम्युलेटरसोबत (जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरसोबत) रॉम देण्यास मुभा दिली, परंतु स्वामित्वहक्क सोडला नाही. ती मुभा विक्रीच्या किटलाही लागू आहे, असे गृहीत धरू नये. ‘चाळीस वर्षे उलटली, आता कोण विचारतो’ हा युक्तिवादही टिकणारा नाही, कारण आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात संगणक-प्रणाली ही साहित्यकृती मानली जाते आणि तिचे संरक्षण लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालते. कमोडोर ६५ या जुन्या संगणकावर बेतलेल्या मेगा६५ प्रकल्पात याच कारणासाठी मुक्त रॉम नव्याने लिहिण्याचे काम हाती घेण्यात आले. तुमच्यासाठी असा मुक्त रॉम हाती येईपर्यंत किटमध्ये रॉमची जागा रिकामी ठेवून विकणे बरे.