जुलैच्या तारखा आणि आलेले फॉरवर्ड

जुलै जवळ आला की त्याच चौकशा येतात, आणि बहुतेकींच्या मागे एखादा फॉरवर्ड असतो. काहींना इथेच उत्तर देतो.

जुलै हे नाव कोणाचे?

ज्युलियस सीझरचे. रोमन वर्ष आधी मार्चपासून धरत, म्हणून हा पाचवा, ‘क्विंटिलिस’. इ.स.पू. ४४ मध्ये नाव बदलले.

मुलगी जुलैतली. सराफ म्हणतात, जन्मरत्न माणिक घ्याच. घ्यावे का?

महिन्यागणिक रत्नांची आजची यादी १९१२ साली अमेरिकेतल्या सराफांच्याच संघटनेने ठरवली. यावरून काय ते समजा! आपल्याकडे माणिक सूर्याचे मानतात, जुलैचे नव्हे. हौस असेल तर घ्या, पण रत्न तपासणाऱ्या प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र पाहून. त्याच दुकानाची चिठ्ठी म्हणजे प्रमाणपत्र नव्हे.

आषाढी एकादशी जुलैतच ना? नंदवाळच्या (कोल्हापूरजवळचे प्रतिपंढरपूर) वारीसाठी रजा टाकायची आहे.

दर वर्षी नाही. २०२३ मध्ये ती २९ जूनला होती. पंचांग बघून टाका.

आमच्या तालमीच्या फलकावर पावनखिंडीची तारीख १३ जुलै आहे. पंचांगाच्या ॲपमध्ये त्या सुमाराला पौर्णिमा नाहीच. इतिहासकार चुकले का?

इतिहासकार नाही, ॲप चुकले. म्हणजे तुम्ही त्याला चुकीचे विचारलेत. महाराज पन्हाळ्यावरून निसटले ती शके १५८२ ची आषाढी पौर्णिमा. १२-१३ जुलै १६६० या तारखा जुन्या, ज्युलियन म्हणजे ज्युलियस सीझरने लावून दिलेल्या गणनेच्या आहेत. सीझरचे वर्ष खऱ्या सौर वर्षापेक्षा सुमारे ११ मिनिटांनी मोठे होते. ती मिनिटे साचत गेली, आणि इ.स. १५८२ मध्ये पोप ग्रेगरींनी ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर धरायला लावला. इंग्रजांनी मात्र १७५२ पर्यंत जुनेच धरून ठेवले. शिवकाळाच्या आपल्या रूढ तारखा त्या जुन्या गणनेतल्या. आजच्या गणनेने निसटले ती रात्र २२ जुलैची, आणि राज्याभिषेकाचा ६ जून १६७४ हा १६ जून. ॲप नवी गणना मागे रेटते, म्हणून १३ जुलैला षष्ठीच्या आसपासची तिथी दाखवते, आणि मग ‘खरी तारीख दडवली’ असा फॉरवर्ड गावभर फिरतो. दडवले कोणी काही नाही. तारीख लिहिताना गणना कोणती तेवढे लिहा. फलक छापण्याआधी जंत्री (तिथी-तारखा जुळवायचे कोष्टक) वापरता येणाऱ्या अभ्यासकाला दाखवा. छापल्यावर माझ्याकडे आणू नका.

२६ जुलै शाहू जयंती ना?

नाही, जयंती २६ जूनला. ५० टक्के जागा राखीव ठेवण्याचा जाहीरनामा २६ जुलै १९०२ चा.

पणजोबांच्या मोडी कागदावर साल १२६५, महिना जुलैच्या सुमाराचा. भाच्याने मोबाइलवर इसवी सन काढले. जात पडताळणीला जोडू का?

नको. जुन्या कागदांत साले दोन प्रकारची येतात, शुहूर आणि फसली. शुहूर असेल तर ५९९ मिळवून १८६४, फसली असेल तर ५९० मिळवून १८५५. नऊ वर्षांचा घोळ! शिवाय दोन्ही साले मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतात, त्यामुळे मे आणि जुलैचा हिशेब एक नाही. कागद जाणत्या मोडीवाचकाला दाखवा, पुराभिलेखागारात चौकशी करा. आणि मुदतीला दोन दिवस उरल्यावर नव्हे, याच आठवड्यात.