तीन सर्टिफिकेट झाले, आता पुढं काय?

"मॅडम, ह्याचे तीन ट्रेनिंग झाले, तीन सर्टिफिकेट आहेत, पण हा घरीच बसून राहिला ना."

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना कामाला लावायचं काम आमचं सेंटर करतं, त्यामुळं हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की समोरची बाई थैलीतून प्लास्टिकचं फोल्डर काढायला लागली की पुढचं मला माहीत असतं. मेणबत्त्या, कागदी पिशव्या, दिवाळीच्या पणत्या, नाहीतर बेसिक कॉम्प्युटर. ही आई नागपूरच्या मानेवाड्याकडून आली होती, सोबत २३ वर्षांचा मुलगा. नाव सांगत नाही, बारीकसारीक गोष्टीही बदलल्यात. घरी त्याला बाळा म्हणतात, आपणही बाळाच म्हणू. १८ वर्षांपर्यंत स्पेशल स्कूल, मग शाळा संपली आणि तिथून पाच वर्षं हे सगळं चालू. वडील नाहीत, आई घरून डबे देते.

फोल्डरमधून तीन सर्टिफिकेट टेबलावर आले, चौथा कागद यूडीआयडी कार्डाची, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची झेरॉक्स. बौद्धिक अक्षमता, ५० टक्के. त्या आकड्यावर बोट ठेवून आई म्हणाली, "पन्नास टक्के लिवलंय, म्हणजे अर्धंच काम होईल ना ह्याच्यानं? कोण ठेवून घेईल मग?"

हा गैरसमज फार जणांचा आहे म्हणून आधी तेच सांगते. ते टक्के काम मोजत नाहीत. बौद्धिक अक्षमतेत सौम्य प्रकाराला ५० टक्के आणि मध्यम प्रकाराला ७५ टक्के असं ठरलेलंच आहे, आणि योजना, आरक्षण वगैरेसाठी किमान ४० टक्के लागतात, त्यासाठी तो आकडा. पापड लाटता येतात की नाही, वेळेवर उठतो की नाही, ह्यातलं काहीच त्यात नसतं. आईनं मान हलवली पण पटलं नसावं, कारण लगेच पुढचा प्रश्न आला, सरकारी नोकरीत कोटा आहे म्हणतात त्याचं काय.

कोटा आहे. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते आणि ३ टक्के आरक्षण, २०१६ च्या कायद्यानं प्रकार २१ केले आणि आरक्षण ४ टक्के. त्यातला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, लर्निंग डिसॅबिलिटी (म्हणजे लिहिण्या-वाचण्यात, गणितात अडचण), मानसिक आजार आणि बहुविकलांग ह्या सगळ्यांना मिळून. म्हणजे बाळाची स्पर्धा एमए झालेल्या, फक्त लर्निंग डिसॅबिलिटी असलेल्या मुलाशीसुद्धा आहे, आणि पदाला लागणारं शिक्षण, परीक्षा हे तर आहेच. फॉर्म जरूर भरा, पण त्याच्या भरवशावर आणखी पाच वर्षं घरी बसवू नका, हे मी तोंडावर सांगते, मग आईबाप नाराज झाले तरी चालेल.

आता कबुलीची गोष्ट. त्या तीनातलं तिसरं सर्टिफिकेट माझ्यामुळं मिळालेलं होतं. दीड वर्षापूर्वी ही आई एकदा येऊन गेली होती आणि तेव्हा एका ठिकाणी तीन महिन्यांच्या कॉम्प्युटर कोर्सला जागा रिकामी होती म्हणून मी त्याला तिकडं पाठवून दिलं. जागा होती म्हणून पाठवलं, त्याला जमेल म्हणून नाही, हा फरक मला तेव्हा कळायला हवा होता. तीन महिन्यांत तो स्वतःचं नाव टाइप करायला शिकला आणि एसीत बसायला. आईनं मला एका शब्दानं बोल लावला नाही, मलाच ते सर्टिफिकेट बघून कसंतरी झालं.

म्हणून ह्या वेळी कुठल्याच कोर्सचं नाव काढलं नाही. विचारलं, हा दिवसभर करतो काय?

"काय नाही. बसला राहतो. मी डबे भरते तर झाकणं लावून देतो."

किती डबे? बावीस. बावीस डबे म्हणजे प्रत्येकाचे तीन खण, कुणाचा डबा चेपलेला, कुणाच्या झाकणाला डाग, नावं कोरलेली आहेत पण बाळाला वाचता येत नाही. तरी कुठलं झाकण कुठल्या डब्याचं आणि कुठला डबा कुठल्या थैलीत, ह्यात चूक? आई जरा विचार करून म्हणाली, "नाही बाप्पा, माझी होते कधीमधी, ह्याची नाही होत."

आणि ही बाई मला सांगून राहिली होती की तो काहीच करत नाही!

मग शोध सुरू केला जोड्या जुळवायच्या कामाचा. महाल भागात एका गल्लीत बाईंडिंगचं छोटं दुकान आहे, बिलबुकं बनतात. बिलबुक कधी नीट बघितलंय का? पांढरं पान गिऱ्हाइकाचं, पिवळं दुकानदाराचं, दोन्हींवर लाल शाईत एकच नंबर. पांढरं ३५१, त्याखाली पिवळं ३५१, मग पांढरं ३५२, असं ४०० पर्यंत लावत जायचं, ५० जोड्या झाल्या की खाली पुठ्ठा, वर कव्हर, पिन मारणाऱ्याकडं द्यायचं. मालक म्हणाले, याला वाचता येत नाही तर नंबर कसा बघणार? म्हटलं, भाऊ, वाचायचं कुठं आहे, वरचं आणि खालचं सारखं दिसतं का एवढंच बघायचंय. आणि पन्नासपर्यंत मोजायचंही नाही, शेवटी ५० नाहीतर ०० दिसलं की थांबायचं. ही दोन चित्रं आम्ही पुठ्ठ्यावर मोठी लिहून त्याच्या समोर टांगली.

ट्रेनिंग सगळं तिथंच, त्याच टेबलावर, त्याच पंख्याखाली. आमच्या सेंटरचे एक सर दोन आठवडे रोज त्याच्याशेजारी बसले. शिकवलं उलटीकडून. म्हणजे पहिले दोन दिवस त्यानं फक्त तयार गठ्ठा टेबलावर ठोकून चारी बाजू सरळ करायच्या आणि पिनवाल्याच्या हातात द्यायचा, बाकी सगळं सर करणार. तिसऱ्या दिवशी पुठ्ठा-कव्हर त्याचं, मग शेवटच्या दहा जोड्या, असं मागं मागं सरकत. ह्याचा फायदा असा की पहिल्या दिवसापासून काम त्याच्या हातून पूर्ण होतं, अर्धवट टाकून उठायची सवय लागत नाही. आणि पिनवाला पहिल्याच गठ्ठ्याला "बढिया भाऊ" म्हणाला, घरात त्याला भाऊ कुणी म्हटलंच नव्हतं.

अडलं कुठं, तर आम्ही विचारच केला नव्हता तिथं. एक दिवस नंबरिंग मशीन मधेच अडकलं आणि एका पांढऱ्या पानावर नंबर उमटलाच नाही. बाळा थांबला. बरोबर थांबला, पण मग तसाच बसून राहिला, पान हातात धरून, जवळजवळ वीस मिनिटं. सर त्या दिवसापासून मुद्दाम बाहेर चहाच्या टपरीवर बसायला लागले होते आणि दुकानात कुणाचं लक्ष नाही. अडलं तर कुणाला तरी हाक मारायची, हे त्याला तीनपैकी एकाही कोर्सनं शिकवलं नव्हतं, आणि घरी तर हाक मारायची वेळच येत नाही, आई तोंडाकडं बघूनच समजते. पुढचे चार दिवस आम्ही दुसरं काही केलं नाही, मुद्दाम गठ्ठ्यात चुकीची पानं घुसवायची आणि त्यानं हात वर करून "भाऊ, इकडं बघा" म्हणायचं. माझं तर आता मत झालंय की हे एक वाक्य येत नसेल तर हाताचं कौशल्य कितीही असू द्या, नोकरी टिकत नाही.

बसचं प्रकरण वेगळंच. आई म्हणे मी रोज गाडीवर सोडीन. म्हटलं, आणि तुम्हाला ताप आला की त्याची सुट्टी? मग एक आठवडा आई बसमधे त्याच्या शेजारी, दुसऱ्या आठवड्यात दोन सीट मागं, तिसऱ्यात बसच्या मागं स्वतःच्या गाडीवर, तोंडाला स्कार्फ गुंडाळून, ओळखू येऊ नये म्हणून. दुसऱ्या आठवड्यात कंडक्टर आला तर ह्यानं स्वतःचं तिकीट काढलं आणि मागं बोट दाखवून म्हणाला, "ती आई आहे, तिचं ती काढल." आई हे सांगताना हसत पण होती आणि डोळे पण पुसत होती. बसचा नंबर त्याला वाचता येत नाही, तो कंडक्टरला विचारतो, "महाल?" बस्स. खिशात एक कार्ड, नाव, आईचा फोन, दुकानाचा पत्ता.

पैशाचं. आधी मालक म्हणत होते, महिनाभर असाच येऊ द्या, सवय होईल. असं "असंच" मी चालू देत नाही, मागं एका मुलाचं ते असंच आठ महिने चाललं होतं. अर्धा दिवस काम, २५० रुपये रोज, पहिल्या दिवसापासून, पैसे त्याच्या नावाच्या खात्यात, असं ठरलं. ह्या आईला संजय गांधी निराधार योजनेचे, म्हणजे सरकारकडून दर महिन्याला येणाऱ्या मदतीचे पैसे मिळत नव्हते, पण ज्यांना मिळतात ते हमखास विचारतात, नोकरी लागली तर पेन्शन जाईल का? खोटं सांगत नाही, जाऊ शकते. त्या योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची अट वर्षाला ५० हजार आहे आणि २५० रोजानं २६ दिवस धरले तरी वर्षाचे ७८ हजार होतात. तेव्हा घरी बसून हिशोब करा, पेन्शनपेक्षा पगार किती जास्त आणि काम किती टिकेल असं वाटतं, मग ठरवा. नोकरी गेली तर परत अर्ज करता येतो, फक्त चकरा माराव्या लागतात हे खरं. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाचा निरामय आरोग्य विमा मात्र, १ लाखापर्यंतचा, नोकरी लागली म्हणून जात नाही, तो ह्या मुलांचा काढलेला नसेल तर आधी काढा.

पाच महिने झाले. सगळं छान चाललंय असं लिहिलं असतं पण मागच्या शनिवारी आई परत आली, बाळाला घेऊन, चेहरा उतरलेला. झालं असं की तो कटिंग मशीनजवळ गेला, पातं खाली यायच्या बेतात, मालक जोरात ओरडले, हाताला धरून मागं ओढलं. घरी आल्यावर जेवला नाही. आई म्हणाली, "आता नाही पाठवत मॅडम, माझ्या लेकराला कुणी ओरडलेलं मला नाही चालत."

मी मालकांना फोन लावला, ते बिचारे स्वतःच घाबरलेले. ओरडले नसते तर बोटं गेली असती. मशीनभोवती जमिनीवर पिवळी टेप लावायची आणि टेपच्या आत फक्त कटिंगवाला, बाळासकट दुसरं कुणीच नाही, असं ठरलं. खरं तर हे पहिल्याच दिवशी व्हायला हवं होतं, माझ्या यादीत नव्हतं, आता आहे. आईला म्हटलं, ओरडणं आणि चिडवणं ह्यात फरक आहे, चिडवत असते तर मीच काढून घेतलं असतं.

आई गप्प. मग लक्षात आलं की इतका वेळ आम्ही दोघीच बोलतोय आणि तो खुर्चीत बसून माझ्या टेबलावरचे कागद कडेला कडा लावून सरळ करतोय. त्यालाच विचारलं, "काय रे, उद्या जाणार का कामावर?"

त्यानं आईकडं बघितलंच नाही. मी काहीतरी मूर्खासारखं बोलल्यासारखं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "उद्या रविवार आहे."