आधी आयर्न खरंच संपलंय का ते बघ

अगं, तुझा मेसेज वाचला. निळ्या सीएएस प्लेटवर (तिच्यातल्या रंगाने धरलेलं लोह कोणी काढून घेतलं की निळ्याचं केशरी होतं) तीन दिवस झाले तरी केशरी कडं दिसत नाही, म्हणून तू थेट लिहून टाकलंस की माझा बॅक्टेरिया सिडेरोफोर, म्हणजे लोह पकडणारा रेणू, बनवतच नाही. थांब जरा, एवढ्यात त्याला नापास करू नकोस.

हे बघ, लोह मातीत ढिगाने असतं पण ऑक्सिजन असला की त्याचा गंज होतो आणि तो पाण्यात उतरतच नाही. न्यूट्रल पीएचला मोकळं फेरिक आयर्न जेमतेम १० चा उणे १८ वा घात मोलर, आणि पेशीला लागतं मायक्रोमोलरच्या आसपास. म्हणून पेशी सिडेरोफोर हा छोटा रेणू बाहेर सोडते, तो आयर्न पकडतो, मग बाहेरच्या आवरणातला रिसेप्टर त्या जोडीला ओळखून आत ओढतो. ई. कोलाय बॅक्टेरियाचं सिडेरोफोर एन्टेरोबॅक्टिन बघ ना, सेरीन या अमिनो अ‍ॅसिडच्या तीन रेणूंची रिंग, प्रत्येकाला एक कॅटेकॉल म्हणजे दोन ऑक्सिजनचा चिमटा, असे सहा ऑक्सिजन मिळून लोहाचा एक अणू इतका घट्ट धरतात की तो सोडवायला पेशीला ती रिंगच फोडावी लागते. एका अणूपायी अख्खा रेणू खर्ची! मला हे आजही थक्क करतं.

आता सांग, एवढं महागडं काम ती उगाच कशाला करेल? आत आयर्न पुरेसं असलं की फर नावाचं प्रोटीन सिडेरोफोर बनवणारे जीन बंदच ठेवतं. माझे सुरुवातीचे कित्येक महिने यातच गेले, मीडियम (बॅक्टेरिया वाढवायचं द्रव) बरोबर होतं पण काचेला चिकटलेलं आयर्न पुरत होतं. म्हणून फ्लास्क रात्रभर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये ठेव, डीआयोनाइज्ड पाण्याने नीट धू, आणि रिच ब्रॉथमधून (भरपूर पोषण असलेल्या मीडियममधून) थेट प्लेटवर लावू नकोस, आधी दोनतीनदा कमी आयर्नच्या मीडियममध्ये वाढव. फॉस्फेट जपून, ते सीएएसमधलं आयर्न स्वतःच ओढतं. तुझा बॅक्टेरिया ग्राम पॉझिटिव्ह गटातला असेल तर प्लेटमधलं डिटर्जंट त्याला वाढूच देत नसेल, मग वेगळा वाढवून पेशी खाली बसवून फक्त वरचं द्रव सीएएस सोल्युशनमध्ये घाल.

आणि रंग बदलला तरी लगेच नाचू नकोस, सायट्रिक अ‍ॅसिडसारखं काहीही आयर्न काढून घेऊ शकतं. सोबत एक फ्लास्क मुद्दाम आयर्न घालून लाव, त्यात उत्पादन थांबलं तर आपण बोलू. दोन्हींचे फोटो पाठव.