आई आणि मुलांना घेऊन दोन दिवस माथेरान: काय करावं, काय सोडावं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोव्हेंबरात पुण्याहून माथेरान, एक रात्र मुक्काम, सोबत एकाहत्तर वर्षांची आई (गुडघे दुखतात), नऊ आणि बारा वर्षांची मुलं, आणि दोन दिवसांत कोणकोणते पॉइंट 'कव्हर' होतील? मी पंचवीसेक वर्षं माथेरानला जातोय. लग्नाआधी मित्रांबरोबर गेलो, मग लेकीला खांद्यावर घेऊन, आणि गेल्या काही वर्षांत आईला घेऊन. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, पॉइंटांची यादी बाजूला ठेवा. डोंगरावर तीसेक पॉइंट आहेत आणि घोडेवाले तीन तासांत बारा दाखवायला तयार असतात. तसं केलंत तर बारा कठडे आणि बारा फोटो घेऊन घरी याल. माथेरान म्हणजे दोन पॉइंटांच्या मधला रस्ता. गाडी नाही, हॉर्न नाही, डोक्यावर जांभूळ-अंजन-हिरड्याची गच्च सावली आणि पायाखाली जांभ्याची लाल माती. देशात असं दुसरं गाव शोधून सापडायचं नाही. अँब्युलन्स आणि आगीचा बंब सोडला तर दस्तुरी नाक्याच्या, म्हणजे गावाबाहेरच्या गाडीतळाच्या, पुढे पेट्रोल-डिझेलचं वाहन जात नाही. २००३ साली हा सगळा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला, त्यामुळे ही शांतता टिकली आहे.

आता पोहोचायचं कसं. पुण्याहून कर्जतला उतरा आणि कल्याणकडे जाणारी लोकल धरा. मधे एकच स्टेशन, भिवपुरी रोड, की नेरळ. नेरळहून दोन मार्ग: मिनी ट्रेन, नाहीतर शेअर टॅक्सीने दस्तुरी नाका. मिनी ट्रेन पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज (दस्तुरी नाक्याजवळचं स्टेशन) बंद असते आणि दिवाळीच्या आगेमागे सुरू होते. कोणत्या तारखेला सुरू होईल ते त्या वर्षीच्या पावसावर आणि रुळांच्या कामावर असतं, म्हणून निघायच्या आधी रेल्वेकडून खात्री करून घ्या. सुरू असेल तर जाताना तीच घ्या, मुलांसाठी तर घ्याच. दोन फुटी रूळ, वीसेक किलोमीटरचा घाट, वर जायला अडीच तासांच्या आसपास. गाडी इतकी सावकाश चालते की बाहेरच्या कारवीची पानं मोजता येतात. डबे थोडे आणि माणसं फार, त्यामुळे गाडीच्या बऱ्याच आधी तिकीट खिडकीवर रांगेत उभं राहा. तुम्ही रांगेत असताना आईंना बाकावर बसवा.

मुलांना गाडीत सांगायला एक गोष्ट देतो. सर आदमजी पीरभॉय या मुंबईच्या व्यापाऱ्याच्या घराण्याने स्वतःच्या पैशाने ही रेल्वे बांधली. काम १९०४ला सुरू झालं आणि १९०७ला गाडी वर पोहोचली. २००५च्या जुलैतल्या पावसाने मार्ग वाहून गेला, तो नीट व्हायला दोन वर्षं लागली. २०१९च्या पावसातही तेच झालं, आणि नेरळहून गाडी पुन्हा वर गेली ती थेट २०२२च्या ऑक्टोबरात. दर वेळी वाटतं, आता बंदच होणार. दर वेळी ती परत सुरू होते. वाटेतल्या जुम्मापट्टी स्टेशनच्या वळणावर खिडकीतून मागे पाहिलं की आपलाच शेवटचा डबा दिसतो. माझी लेक तेव्हा सहा वर्षांची होती, त्या डब्यातल्या अनोळखी मुलाला हात करत होती आणि तोही करत होता. वर पोहोचेपर्यंत दोघांची मैत्री झाली होती.

ट्रेन मिळाली नाही तर टॅक्सीने दस्तुरी. इथे सावध राहा. मला एकदा तिथे दोघातिघांनी ठासून सांगितलं की पुढची शटल, म्हणजे अमन लॉजहून माथेरानला जाणारी छोटी गाडी, बंद आहे, घोड्याशिवाय पर्याय नाही. आईला घोड्यावर बसवणं शक्यच नव्हतं. घाबरून मी दामदुप्पट पैसे देऊन हातरिक्षा केली, आणि अर्ध्या वाटेवर बाजूच्या रुळावरून शटल शिट्टी देत गेली. तेव्हा दस्तुरीला कुणी काहीही सांगो, आधी अमन लॉज स्टेशनवर चालत जाऊन तिकीट खिडकीवर विचारा. अंतर काही मिनिटांचंच आहे. अमन लॉज ते माथेरान शटल पावसाळ्यातही चालते. २०२२च्या डिसेंबरपासून ई-रिक्षाही आल्या आहेत, दस्तुरी ते बाजारपेठ. संख्या कमी आहे आणि शाळेच्या वेळेला मुलांची गर्दी असते, पण गुडघेदुखीच्या माणसासाठी हा सगळ्यात सुखाचा मार्ग आहे.

हातरिक्षेबद्दल मनापासून लिहितो. त्या दिवशी आईची रिक्षा तिघेजण ओढत होते, एक पुढे, दोन मागून ढकलत. चढाला त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. आई मधेच म्हणाली, 'थांबवा रे, मी चालते,' आणि खरंच उतरून पन्नास पावलं चालली. २०२५च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून त्या ओढणाऱ्यांचं ई-रिक्षांवर पुनर्वसन करायला सांगितलं. फार उशिरा झालं, पण झालं हे चांगलं झालं. तुम्ही ई-रिक्षाच घ्या.

सामानाचं एक. चाकांच्या बॅगा आणू नका. दगडमातीत चाकं फिरत नाहीत आणि मग तीच बॅग हमाल बाईच्या डोक्यावर चढते. पाठीवरच्या सॅक आणा, आणि हमाल केलात तर भाव आधी ठरवून तो हसतमुखाने द्या. त्या बायका खालच्या वाड्यांमधून रोज डोंगर चढून येतात.

हॉटेल बाजाराजवळचं घ्या. 'व्हॅली व्ह्यू' बघून लांबचं घेतलंत तर प्रत्येक चहाला आईंना दोन किलोमीटर चालावं लागेल. मी एकदा असा घोळ केला होता: जागा सुंदर, पण आई दोन दिवस व्हरांड्यातच बसून राहिली. बुक करताना तळमजल्याची खोली आणि बाजारापासून चालत किती मिनिटं, हे दोन प्रश्न फोनवर विचाराच.

पहिल्या दिवशी दुपारी जेवून थोडं पडा आणि साडेतीनच्या सुमारास शार्लोट लेककडे निघा. बाजारापासून अंतर दोनेक किलोमीटर, चढउतार थोडा. आई सावकाश चालू शकत असतील तर उत्तम, नाहीतर त्यांना तेवढ्यापुरता घोडा करा, घोडेवाला लगाम धरून पायी चालतो. गावाला पिण्याचं पाणी याच तलावाचं, त्यामुळे पाण्यात उतरायचं नाही, मुलांनाही नाही. बाजूलाच पिसारनाथाचं देऊळ आहे, माथेरानचं ग्रामदैवत. आईंना तिथे बसवा. झाडांखाली इतकं गार असतं की त्या स्वतःहून उठायच्या नाहीत. तोवर तुम्ही मुलांना घेऊन लॉर्ड पॉइंट आणि एको पॉइंट करून या, दोन्ही जवळजवळ आहेत. वेळ उरला तर लुईझा, तिथून प्रबळगड अगदी समोर उभा दिसतो.

सूर्यास्ताला लोक पॉर्क्युपाइन पॉइंटला, म्हणजे सनसेट पॉइंटला, धावतात. जागा छानच आहे, पण परतीची वाट पूर्ण अंधारात जंगलातून येते. आईंना घेऊन तो सोडा. एक दिवस सूर्यास्त तलावाकाठी झाला तर काही बिघडत नाही. बॅटरी मात्र प्रत्येकाच्या खिशात हवी, मोबाइलचा उजेड पुरत नाही. नोव्हेंबरात रात्री स्वेटर लागतो. जेवण झाल्यावर दहा मिनिटं बाजाराच्या बाहेर, दिवे संपतात तिथे, उभे राहा आणि कोणी बोलू नका. लांबून घोड्याच्या गळ्यातली घुंगरं ऐकू येतील, आणखी काही नाही. शहरातल्या मुलांनी अशी शांतता ऐकलेलीच नसते.

दुसरी सकाळ हा सगळ्या सहलीचा गाभा आहे, ती झोपून घालवू नका. घरचा एक मोठा माणूस आईंसोबत खंडाळा पॉइंटला जाऊ द्या. बाजारापासून जवळ आहे आणि उगवतीचा उजेड छान दिसतो. दुसऱ्याने मुलांना घेऊन पहाटे पॅनोरमा पॉइंटला निघायचं. अंतर एका बाजूने पाचेक किलोमीटर. बारा वर्षांचं सहज चालेल, नऊ वर्षांचं येताना कुरकुरेल, तेव्हा येताना घोडा करा.

ही वाट जरा जवळून सांगतो. दव पडलेलं असतं, त्यामुळे लाल धूळ बसलेली असते आणि तिच्यावर आदल्या रात्रीचे माग दिसतात. आधी घोड्यांचे टाप, मग मुंगसाची किंवा कोंबड्याची बारीक पावलं. डोक्यावर अचानक फांदी हलते आणि कडकड असा खरखरीत आवाज येतो. तिथेच थांबा, तो शेकरू. तपकिरी-तांबूस पाठ, पिवळट पोट, अंगापेक्षा लांब झुपकेदार शेपूट. आपला राज्यप्राणी. हलला नाहीत तर तो दहा मिनिटं तुमच्याकडे बघत फळ कुरतडत बसतो. उंच झाडाच्या टोकाला काटक्यापानांचा गोळा दिसला तर ते त्याचं घरटं, मुलांना ते आधी शोधायला सांगा. माझ्या लेकीने एकदा एका वाटेवर सात मोजली होती.

पॅनोरमाला वाट झाडीतून एकदम बाहेर पडते आणि खाली नेरळचं अख्खं मैदान उघडं होतं. समोर पेबचा किल्ला, पलीकडे चंदेरीचा सुळका, आणि थेट पायाखाली कड्याला चिकटून गेलेला मिनी ट्रेनचा रूळ. आदल्या दिवशी आपण त्याच वळणावर होतो, हे मुलांना तिथे कळतं. कठड्याच्या पलीकडे फोटोसाठी पाय टाकू नका, जांभा कडेला भुसभुशीत असतो.

परत येऊन भरपेट न्याहारी, थालीपीठ किंवा मिसळ, आणि उरलेला वेळ बाजार. दक्षिणेचा वन ट्री हिल, गारबटचं पठार, रामबाग हे सगळं पुढच्या खेपेसाठी ठेवा. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाहून वन ट्री हिलच्या बाजूने वर चढले आणि त्यानंतर साहेबांचं माथेरान वसलं. म्हणून सगळीकडे त्यांचा 'शोध' लागल्याचं लिहिलेलं असतं. पण ठाकर, धनगर, कातकरी त्याआधीही या डोंगरावर होतेच, पिसारनाथही होता. आणि मुलांना मॅलेटसाहेबांपेक्षा भाई कोतवालांबद्दल जरूर सांगा. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, जन्म १९१२, माथेरानच्याच एका नाभिक कुटुंबातला. वकील झाले, शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या, बेचाळीसच्या लढ्यात आझाद दस्ता उभारून विजेचे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ला सिद्धगडावर हिराजी पाटलांसोबत पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. तेव्हा वय अवघं तीस. या गावात जाऊन हे नाव न ऐकता परतणं मला बरोबर वाटत नाही.

बाजारात चिक्की आणि चामड्याच्या चपला. चिक्की कुठल्याही दुकानात चाखून घ्या, गुळाचीच घ्या. चपला घेताना घालून चार पावलं चाला. वाटेवर ठाकर बायका आवळे, चिंचा, काकडी घेऊन बसलेल्या असतात, त्यांच्याकडून घासाघीस न करता घ्या. फक्त प्लास्टिकची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका, माकडं ती ओढतातच. खायचं सॅकमध्ये, चेन लावून. माकडांना काही देऊ नका, आणि कचरा परत खाली आणा.

घोड्याचं एक राहिलं. दरपत्रक लावलेलं असतं ते वाचा, किती वेळ आणि कुठवर हे बसण्याआधी ठरवा. मुलं बसली असताना घोडा पळवू नका असं स्पष्ट सांगा. पेव्हर ब्लॉकच्या भागात घोड्याचे पाय घसरतात, तिथे मुलांना उतरवून चालवलेलं बरं.

उतरताना आईंसाठी शटल आणि पुढे टॅक्सी ठेवा, नेरळपर्यंतचे अडीच तास बाकावर दुसऱ्यांदा त्यांच्या गुडघ्यांना नकोत. नेरळहून कर्जत लोकल आणि पुण्याची गाडी यांच्यात तासभर तरी मोकळा ठेवा. शक्य असेल तर शनिवार-रविवार सोडून जा, मंगळवार-बुधवारी पॅनोरमाच्या वाटेवर तुम्ही आणि शेकरूच असाल. तारीख ठरली की इथे कळवा. आई साधारण किती वेळ सलग चालू शकतात तेही लिहा, म्हणजे तलावापर्यंतची वाट त्यांना झेपेल का ते सांगता येईल.